अप्पा, पट्टीचं शून्य आधी बघा

मिनिआपोलिस
शनिवार, रात्री उशिरा

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सोबतचा आराखडा पोचला. एक्स-विंगचा, म्हणजे स्टार वॉर्समधल्या छोट्या अवकाशजहाजांच्या लढाईच्या खेळाचा, डाव अर्ध्यावर टाकून दादाच्या दोन्ही मुलांनी तुम्हाला पंच केलं, आणि तुम्ही घाईने निकाल न देता प्रश्न लिहून पाठवलेत, याचा मला फार आनंद झाला. त्यातून गॅलरीतल्या फरशीवर कुठलं जहाज कुठे होतं ते मापांसकट काढून पाठवलंत. इथे शनिवारी आम्ही ज्या दुकानात खेळायला जमतो तिथे मी तो कागद सगळ्यांना दाखवला.

आधी भांडणाचं मूळ सांगते. दोघंही खरं बोलतायत. मी पाठवलेला डबा दुसऱ्या आवृत्तीचा आहे, २०१८ सालचा. नात त्यातली पुस्तिका वाचतेय. नातू फोनवर वाचतोय ते नंतर सुधारलेले नियम. मधे खेळ एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेला, त्यांनी धडकेचे नियम बदलले, आणि २०२४ मध्ये नवीन काही काढणार नाही असं जाहीर केलं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात कुठलाही पार्ट समोर आला की तुम्ही पहिल्यांदा ड्रॉइंगचा इश्यू नंबर विचारायचात ना? इथेही तेच. डाव मांडायच्या आधी दोघांना विचारा, आज कुठली आवृत्ती? माझं मत, डब्यातली पुस्तिकाच धरावी. घरातल्या घरात ती पुरते, आणि ती दोघांच्याही हातात असते.

आता धडक. नातवाचं टाय फायटर वाटेत उभं होतं आणि नातीचं एक्स-विंग जहाज चालीच्या पट्टीवरून सरकवल्यावर त्याच्या अंगावर येत होतं. जे जहाज हलतंय तेच त्याच पट्टीवरून मागे घ्यायचं, दोन्ही तळ एकमेकांना जेमतेम टेकेपर्यंत. उभ्या जहाजाला बोट लावायचं नाही. धडकणाऱ्याला त्या फेरीत अॅक्शन, म्हणजे चालीनंतरची जादा कृती, मिळत नाही, म्हणजे फोकसचं, नेम सुधारणारं टोकन नाही. आणि टेकलेली दोन जहाजं एकमेकांवर गोळीबार करू शकत नाहीत, तिसऱ्यावर करू शकतात. (फोनवरच्या नियमांत टेकलेल्या शत्रूवर मर्यादित गोळीबाराची मुभा आहे, म्हणून नातू हटून बसला.) नातीची तक्रार अशी की त्याने मुद्दाम वाट अडवली. तिला समजावून सांगा, ही चोरी नाही. ज्या वैमानिकाच्या कार्डावरचा आकडा लहान तो आधी हलतो, आणि गोळीबारात मोठा आकडा आधी. उशिरा हलणाऱ्याला सगळ्यांच्या जागा दिसतात, पण डायल, म्हणजे चाल ठरवायची तबकडी, तर त्याने आधीच गुपचूप लावलेली असते. आधी हलणाऱ्याच्या हातात वाट अडवणं हेच एक हत्यार राहतं. मला तर हा या खेळातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

मेलेलं जहाज गोळी कशी मारेल, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. दोन्ही वैमानिकांच्या कार्डांवर ३ हाच आकडा होता. आकडा सारखा असला की नेमबाजी एकाच क्षणी झाली असं मानायचं. म्हणून टाय पडलं तरी त्या आकड्याच्या सगळ्यांचा गोळीबार होईपर्यंत ते पटावर राहतं, आपला वार करतं आणि मग उचललं जातं. आकडा २ असता तर लगेच उचललं असतं. इथे नातू बरोबर.

अंतराच्या बाबतीत मात्र नात आणि नातू दोघंही चुकले, आणि त्याचं कारण तुमच्याच आराखड्यात सापडलं. डब्यातली अंतराची पट्टी हरवली म्हणून ते शाळेची पट्टी वापरतायत. खेळातली पट्टी ३० सेंटीमीटरची, दहा-दहा सेंटीमीटरचे तीन पट्टे, म्हणजे रेंज एक, दोन, तीन. शाळेच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी मोकळी कड असते. मुलांनी ती कड जहाजाच्या तळाला लावली, ९.८ वाचलं आणि रेंज एकला एक जादा फासा मिळतो म्हणून नातीने तीनाऐवजी चार लाल, माराचे फासे टाकले. तुम्ही तुमच्या स्टीलच्या पट्टीने मोजलंत ते १०.२. तिचं शून्य थेट कडेपासून सुरू होतं. म्हणजे रेंज दोन, आणि जादा फासा नाही. यापुढे तुमचीच पट्टी वापरायला द्या. मोजायचं तळाच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून समोरच्या तळाच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपर्यंत, पण समोरचा बिंदू गोळीबाराच्या कोनात बसणारा हवा. पट्टी पटावरच्या खडकावरून गेली तर बचावाला एक हिरवा फासा जास्त. टायचे मुळात तीन, खडकामुळे चार, आणि रेंज तीन असेल तर पाच.

फाशांचं लगेच सांगून टाकते. हिरव्या फाशावरचा बचाव आधी साधे मार रद्द करतो, मगच जबर मार. आठ बाजूंच्या लाल फाशाच्या चार बाजूंवर मार आहे. फोकस खर्च केला तर सहा. म्हणून धडकून फोकस गमावणं इतकं महागात पडतं.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. तो मी दोनदा वाचला. अवकाशात हवा नाही, मग हे जहाज वळतं कशाच्या जोरावर? अप्पा, खरं उत्तर असं की ते तसं वळू शकत नाही. ज्यांची तुम्ही हाताने जुळणी केलीत त्या मिग-२१ ला पंख होते. विमान एका कुशीवर कललं की पंखावरची उचलही कलते आणि विमानाला बाजूला ओढते. हवाच नसेल तर ढकलणार कशाला? एक्स-विंगने चित्रपटातल्या जहाजांना विमानांच्या चाली दिल्या आहेत, आणि लढत त्यामुळेच रंगते. खरी अवकाशातली चाल हवी असेल तर १९७३ सालचा ट्रायप्लॅनेटरी नावाचा खेळ आहे. त्यात षट्कोनी घरांच्या नकाशावर मेणाच्या पेन्सिलीने मार्ग आखतात. गेल्या फेरीत जेवढी घरं ज्या दिशेने गेलात, तेवढीच या फेरीतही जाणार, इंधन जाळलं तरच फरक. इंधनाचं एक एकक, एका घराचा बदल. ग्रहाजवळच्या घरातून गेलात की त्याचं गुरुत्व पुढच्या फेरीत एक घर ओढून घेतं. त्याच फेरीत नाही, पुढच्या, आणि यावरून तो खेळणारेही भांडतात.

मंगळयानाची ती सकाळ आठवते? २४ सप्टेंबर २०१४. तुम्ही चहा गार होऊ दिलात. यान मंगळाजवळ पोचलं होतं, पण वेग कमी करून कक्षेत शिरण्यासाठी सुमारे तेवीस मिनिटं इंजिन चालवावं लागलं, नाहीतर ते पुढे निघून गेलं असतं. ट्रायप्लॅनेटरीच्या पटावर मुलं नेमकं हेच शिकतील. डिसेंबरात येताना नकाशा छापून आणते. त्यावर घालायला जाड प्लॅस्टिकची शीट शालिमारच्या दुकानांत मिळेल का, तेवढं दादाला बघून ठेवायला सांगा.

अडलेला डाव आराखड्यावरून पुन्हा मांडा. नातीचा चौथा फासा काढून घ्या, आणि टायला त्याचा शेवटचा वार द्या. त्या वाराने काय झालं ते मला लगेच कळवा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध ती वेळेवर घेते का?

तुमची लेक