आधी धूर बघ, पंपाचं नंतर

लातूर,
रविवार

प्रिय दत्ता,

तू घेतलेल्या जुन्या डिझेल गाडीबद्दल पत्रात टायर, हौद्याचा गंज, क्लच प्लेट, सगळं लिहिलंस. धूर कसल्या रंगाचा येतो तेवढंच लिहिलं नाहीस. डिझेल गाडीचं दुखणं मी धुरापासून विचारत येतो.

रिकामी गाडी पळते, पण बीडहून सिमेंटची पोती घेऊन मांजरसुंब्याचा घाट लागला की दम सोडते, आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा गुमान चालते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. एवढ्यावर तुझा मिस्त्री पंप-नोझल, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा सगळा जोड, उतरवायला निघालाय! घासलेला पंप तापल्यावर दगा देतो, हे खरं. पण असा पंप गरम इंजिन बंद करून परत चालू करतानाच जास्त रडवतो. तुझी गाडी रडते सकाळी, इंजिन थंड असताना. मला तरी हे पंपाचं वाटत नाही.

घाटात काळा धूर ओकत असेल तर डिझेल जातंय पण हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर काढून बघ. ऊसतोडीत फडाच्या वाटेवर गाडी फिरवलीस तर तो किती दिवस टिकणार? टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, रबरी पाईप फाटला असला तरी हेच होतं. पण दम नाही आणि धूरही नाही, तर इंजिन उपाशी आहे. मला हाच संशय आहे.

आधीचा मालक ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये डिझेल साठवायचा म्हणालास ना? मग टाकीत कचरा असणारच. लोड आला की ओढ वाढते आणि कचरा आतल्या पाईपच्या तोंडाशी चिकटतो. इंजिन बंद केलं की सुटून खाली बसतो. म्हणून उभी केली की बरी होते. दुसरी शक्यता टाकीच्या झाकणाची. त्याचं हवेचं छिद्र बुजलं की डिझेल कमी होईल तशी आत पोकळी होते. पुढच्या वेळी घाटात दम सोडला की बाजूला घेऊन झाकण उघड. सूंऽऽ करून हवा आत गेली तर रोग सापडला, तोही फुकटात.

सकाळचं वेगळं. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे कुठं क्लिप ढिली असली तरी खाली थेंब पडत नाही, उलट हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरतं. उद्या सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाब. पहिल्या झटक्यात चालू झाली तर लाईन हवा घेतेय, हे पक्कं. फिल्टर आणि पंपामध्ये पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. आपल्याकडच्या उन्हात जुने रबरी पाईप कडक होऊन चिरतात, ते एकदा सगळे हाताने वाकवून बघ. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घे. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल.

एक मात्र ऐक. गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून जबर दाबाचं डिझेल देणारी, असेल तर जुन्या ट्रॅक्टरसारखं चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करायचा नाही. तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो, फवारा कातडीतून आत घुसतो. मिस्त्री करायला लागला तर त्यालाही अडव.

सकाळचा थोडा पांढरा धूर सोडून दे. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, गेली समज. निळा आला तर ऑइल जळतंय; तेव्हा रेस न देता, इंजिन स्लो वर चालू ठेवून ऑइलचं झाकण ढिलं करून बघ. खालून भकभक धूर येऊन झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समज, मग हाफ इंजिनाची, म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदलायची, गोष्ट करू. त्याआधी कुणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्या का? आरसी बुकावर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ सुद्धा घे. पैसे पूर्ण दिलेस की हीच माणसं फोन उचलत नाहीत.

ती पारदर्शक नळी माझ्याकडे पडून आहे, पुढच्या रविवारी घेऊन येतो. टाकी उतरवायची वेळ आलीच तर तोवर डिझेल भरू नकोस, भरलेली टाकी आपल्या दोघांच्यानं हलणार नाही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विलास