सोडतानाही मोजायला शिकवलंत, त्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव एका ओळीत आलंय. तिथे रिवाजच तसा. त्या ओळीत जे मावलं नाही, ते इथे उघडपणे लिहितेय. स्पंजाचे दाब मोजणारे सेन्सर करायला बसणाऱ्या पुढच्या मुलामुलींच्याही ते कामी येईल.

तुम्ही ना माझ्या गाइड, ना आमच्या प्रयोगशाळेतल्या. शेजारी रबराच्या चाचण्या करायचात, आणि मला हवं होतं तुमचं दाबयंत्र. माझ्या प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य असं होतं, की वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या शोधासाठी हीगर, मॅकडिअर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते वाचून तुम्ही हसलात. म्हणालात, "नोबेल राहू दे. तुझा स्पंज दाब काढल्यावर परत जागेवर येतो का, ते सांग."

स्पंज तसा सोपा होता. साखरेच्या ठोकळ्यात पातळ सिलिकोन मुरू द्यायचं, ओव्हनमध्ये पक्कं करायचं, कोमट पाण्यात साखर विरघळवून टाकायची. मागे राहतं एकमेकांत उघडणाऱ्या भोकांचं जाळं. त्याला प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला वायू, दिला की ते पाणी धरू लागतं, मग पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या गडद निळ्या द्रावात बुडवायचं आणि वाळवायचं. दाबलं की भोकांच्या भिंती एकमेकींना टेकतात, विजेला नव्या जवळच्या वाटा मिळतात आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घसरतो. भरीव सिलिकोनपेक्षा असा स्पंज कितीतरी मऊ, म्हणून बोटाचा हलका स्पर्शही त्याला कळतो.

दाबतानाचा आलेख सगळ्यांचाच देखणा येतो. तुम्ही सोडतानाचा मागितलात. दोन्ही एकाच कागदावर काढले तेव्हा मधे चांगली रुंद फट दिसली: एकाच रोधाला दोन वेगवेगळे दाब. पॉलिमर आळसावून मूळ आकारात येतो आणि चिकटलेल्या भिंती सुटायला वेळ घेतात, हे तुम्ही तो स्पंज चिमटीत धरून, हळूहळू सोडत दाखवलंत. संवेदनशीलतेच्या आकड्याशेजारी दाबाची कक्षा लिहायची सवयही तुमचीच. पहिल्या थोड्याशा दाबाला आकडा जोरात बदलतो. पुढे बहुतेक भिंती टेकून झालेल्या असतात, मग बदल मंदावतो. कक्षा न सांगता नुसता आकडा मिरवणं मला तरी आता जाहिरातबाजी वाटते.

पण सगळ्यात मोलाचा धडा टूथपिकचा. तुम्ही टोकाने फक्त स्पंजाला तारेशी जोडणारी तांब्याची पट्टी दाबलीत, स्पंजाला हातही लावला नाहीत, आणि मीटरवरचा रोध धपकन खाली आला. "आता दाब कोण मोजतंय, स्पंज की जोड?" त्यानंतर चांदीची पेस्ट आली, चार तारांची जोडणी आली: बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह, आतल्या दोघींवर व्होल्टेज. जोडाचा रोध हिशेबातून गेला आणि उरलं ते खरंच स्पंजाचं होतं.

हवेतल्या ओलाव्याची नोंद प्रत्येक मापाबरोबर ठेवायची, हेही तुमचंच. स्पंजावरच्या लेपातलं पीएसएस पाणी ओढून घेतं आणि दाब नसतानाही रोध हलतो. वहीत तो रकाना आखताना मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

तुमचं यंत्र रिकामं मिळायचं ते संध्याकाळीच, आणि त्यासाठी तुम्ही स्वतःचं काम आवरूनही थांबायचात. त्याचा उल्लेख तुम्ही कधी केला नाहीत, म्हणून मी करतेय. मनापासून आभार.

बाइंडिंग होऊन आलं की एक प्रत घेऊन येते. सोडतानाच्या आलेखांचं प्रकरण चौथं आहे. त्यावर पेन्सिलीने जे काही खोडाल ते हवंच आहे.

तुमची,
शेजारच्या प्रयोगशाळेतली