सामना होऊन गेल्यावर कळतो!

संपादक महोदय,

हैदराबादच्या आंतरखंडीय फुटबॉल स्पर्धेत सीरियाने भारताला ३-० असे हरवल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. चार ओळी होत्या, त्याही बुद्धिबळाच्या बातमीखाली. तक्रार त्या चार ओळींची नाही. ही स्पर्धा ३ सप्टेंबर २०२४ ला सुरू होणार, पहिला सामना मॉरिशसशी, हे आधी कुठेच छापले नव्हते, ही आहे. माझी बहीण हैदराबादला असते. कळले असते तर गाडीचे तिकीट काढले असते.

हे माझ्या बाबतीत दुसऱ्यांदा झाले. मी वीरा देसाई रस्त्याला राहतो. अंधेरीचे क्रीडासंकुल घरापासून चालत दहा मिनिटांवर. १ जून २०१८ च्या संध्याकाळी गॅलरीतून मैदानाचे दिवे लागलेले दिसले. कुठल्यातरी क्लबची मॅच असेल म्हणून मी आत येऊन जेवायला बसलो. तेव्हा तिथे याच आंतरखंडीय स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल मारले, आणि बघायला होती २,५६९ माणसे! मी आमटी-भात खात होतो.

दुसऱ्या दिवशी छेत्रीचा व्हिडिओ आला. टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात या, असे तो हात जोडून सांगत होता. नातवाने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, हे आपलंच ग्राउंड आहे.’’ खरे सांगतो, मान खाली गेली. पण थोडा रागही आला. यायला मला बोलावले होते कुणी?

४ जूनला केनियाविरुद्धचा सामना होता, छेत्रीचा शंभरावा. सगळी तिकिटे संपली. आम्हाला दोन मिळाली ती मुलाने वेळेत काढली म्हणून. पाऊस असा की छत्री उघडली की मागचे ओरडत, मिटली की चष्म्यातून काही दिसत नसे. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग छेत्रीची पेनल्टी, लगेच आघाडीवीर जेजेचा गोल, आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्री. घरी आलो तेव्हा बुटातून पाणी ओतले आणि सूनबाईंची बोलणी खाल्ली. पुढे न्यूझीलंडकडून १-२ हरूनही गोलफरकावर (मारलेले वजा खाल्लेले गोल) भारत अंतिम फेरीत गेला. म्हणजे मी हुकवलेले ते पाच गोलही हिशेबात होतेच. १० जूनला केनियाला २-० हरवून चषक इथेच राहिला.

छेत्रीने जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्ती घेतली होती. हैदराबादच्या स्पर्धेत हात जोडणारा तोही नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच. इंग्लंडमधल्या क्लबांचे सामने टीव्हीवर रात्री किती वाजता आहेत, हे आपण नेमाने छापता. त्याच पानावर भारतीय संघाच्या पुढच्या सामन्याची तारीख, गाव, मैदान, वेळ आणि तिकिटाचा दर, आठवडाभर आधी द्या. चौकट दोन बोटे रुंद असली तरी चालेल.

– एक जुना वाचक, अंधेरी (पश्चिम)