पीएफला हात लावण्याआधी

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की नोकरी बदलतेच आहे, तर जुन्या कंपनीतला पीएफ काढून गाडीचं डाउन पेमेंट करते. मी नुसतं "बरं" म्हणालो, कारण मागे अर्णवचा दंगा चालला होता आणि पैशाचं बोलणं घाईत केलं की भांडण होतं. म्हणून लिहितोय. लांबलं तरी पूर्ण वाच.

आपल्या घरात म्हातारपणाच्या पैशाचा विचार कधी झालाच नाही, कारण तशी गरज पडली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 1 नोव्हेंबर 2005 च्या बऱ्याच आधी लागलो, म्हणून मला जुनी पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. भत्ता वाढला की पेन्शन वाढते, मी काही न करता. माझ्यामागे तुझ्या आईला कुटुंब निवृत्तिवेतन. बदल्यात दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे मी अजून आहे एवढं बँकेला कळवायचं! 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या शिक्षकांना ही पेन्शन नाही. ते त्याच शाळेत तेच वर्ग घेत होते, पण 2023 च्या मार्चमध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत त्यांना संपावर जावं लागलं. त्यांचं मागणं मला पटतं. तुला मात्र मागायला समोर कुणी नाहीच. महागाईबरोबर वाढणारी पेन्शन खासगी नोकरीत मिळत नाही. ती तुझी तुलाच उभी करायची आहे.

पगारपत्रकावर "पेन्शन फंड" दिसतो, त्यावर भिस्त ठेवू नकोस. कंपनीच्या वाट्यातले महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये तिकडे जातात, कारण हिशेबाला पगार 15,000 चाच धरतात. 35 वर्षं नोकरी केलीस तर 15,000 गुणिले 35 भागिले 70, म्हणजे महिन्याला 7,500. भत्ता वगैरे काही नाही. तरी तोही सोडू नकोस. 10 वर्षं सेवा भरल्याशिवाय ही पेन्शन लागत नाही, आणि मध्येच पैसे काढले की मागची वर्षं मोजणीतून जातात.

आता खरा पीएफ. तुझे मूळ पगाराच्या 12 टक्के आणि कंपनीच्या वाट्यातलं उरलेलं. 2024-25 ला व्याज होतं 8.25 टक्के. तुझ्या खात्यात समज 4 लाख आहेत आणि तू आज 33 ची. तू 58 ची होईपर्यंत त्यांना हात लावला नाहीस आणि दर हाच राहिला, तर एक रुपया नवा न भरता ते 29 लाखांच्या घरात जातात. दर कमीजास्त होईल हे मलाही कळतं. पण गाडी 25 वर्षांनी कितीला जाते तेही तुला कळतं. शिवाय सलग 5 वर्षांच्या सेवेआधी पीएफ काढला तर त्यावर कर. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, तोच ठेवून जुनं खातं नव्या कंपनीत ट्रान्सफर कर, म्हणजे सेवा सलग धरली जाते.

एक गोष्ट समीररावांना नाही, तुलाच सांगायची आहे. अर्णवच्या वेळी तू दीड वर्ष घरी होतीस. तेवढा काळ त्यांचा पीएफ भरत राहिला, तुझा थांबला. घरात याची चर्चा कधीच होत नाही. म्हणून स्वतःच्या नावावर पीपीएफ हे सरकारी बचत खातं उघड: 15 वर्षांची मुदत, वर्षाला दीड लाखापर्यंत, सध्या 7.1 टक्के. पैसे 5 तारखेच्या आत टाक, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्यावर मिळत नाही. पुन्हा कधी घरी राहावं लागलं तर तुझ्या खात्यात समीररावांनी भरावं, आणि त्यात उपकाराची भाषा नको. नव्या कंपनीत एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, आहे का तेही विचार. नव्या करपद्धतीत तू स्वतः भरलेल्या पैशाला सूट नाही, पण कंपनीने भरलेल्याला आहे, मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत.

राहिली ती "आयुष्यभर गॅरंटी"वाली पॉलिसी, जी तुझा मावसभाऊ गळ्यात घालतोय. ती ॲन्युइटी. एकरकमी पैसे विमा कंपनीला द्यायचे आणि तिने मरेपर्यंत ठरलेली रक्कम द्यायची. गॅरंटी खरी आहे. पण बहुतेक प्रकारांत रक्कम गोठलेली असते. साठीला महिना 30,000 ठरले तर ऐंशीलाही 30,000 च. महागाई 6 टक्के धरलीस तर 12 वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते, 24 वर्षांत पाव. वर त्यावर तुझ्या स्लॅबप्रमाणे कर. "खरेदी किंमत वारसांना परत" हा पर्याय एजंट पुढे करतात. ऐकायला गोड लागतो, पण त्यात हातात येणारी पेन्शन कमी असते. आणि जितक्या उशिरा घ्यावी तितका दर बरा मिळतो, मग 33 व्या वर्षी घाई कशाला? साठीनंतर किराणा, वीजबिल, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स एवढं चुकणार नाही इतपतच घे. बाकी पैसा वाढता ठेव. मावसभावाला माझं नाव सांग, वाईटपणा मी घेतो.

आणखी एक. पीएफचं नॉमिनेशन लग्नाआधीचंच असेल तर ते आता चालत नाही. आज रात्रीच ऑनलाइन बदल.

गाडीला किती कमी पडतात ते कळव. थोडे मी देईन, उसने म्हणून. तुझा पीएफ तिथेच राहू दे. आईने मेतकूट करून ठेवलंय, पुण्याला कुणी येणारं असेल तर पाठवते म्हणाली.

तुझे,
बाबा