सोहमच्या बुटांबरोबर पाठवलेलं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा सोहम महिनाभरासाठी साताऱ्याला येतोय. आई, तू फोनवर म्हणालीस, "लेकराला सुट्टीत कशाला दमवायचं?" तुझी माया कळते गं. पण पंधरा वर्षांचा हा मुलगा एकदा बसला की बसूनच राहतो. त्यात नव्या गोळीने भूक वाढलीय, सहा महिन्यांत शर्टाची बटणं लागेनाशी झाली. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं अंग हलवायला सांगते. ऑटिझम आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

क्रिकेटला घालून पाहिलं होतं. शिट्ट्या, आरडाओरडा, कोण कधी कुठे पळेल याचा नेम नाही. तो कान झाकून कुंपणापाशी उभा राहायचा. सर म्हणाले, आळशी आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आम्ही दोघं पर्वती चढू लागलो. 103 पायऱ्या, रोज त्याच. पहिला महिनाभर तो चाळिसावीवरून मागे फिरायचा, मीही फिरायचे. आता वर पोचला की "एकशे तीन!" ओरडून दोन्ही हात फडफडवतो. लोक बघतात. बाबा, तेव्हा त्याचे हात धरू नका. तो त्याचा आनंद आहे.

तुम्ही सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाताच, त्याला घेऊन जा. वाट रोज तीच ठेवा. आदल्या रात्री कागदावर चित्रं काढा: बूट, चार भिंती, घर, उप्पीट. एकेक झालं की खूण त्याला करू द्या. तहान लागलेली त्याला पटकन कळत नाही, म्हणून तो मागायची वाट न बघता दर वळणावर पाणी द्या. मध्येच खाली बसला तर ओढू नका, परत या. उद्या पुन्हा जाता येईल.

आई, पाण्याच्या बादल्या आणि पिठाचा डबा त्यालाच उचलायला सांग. जड काही उचललं की तो शांत होतो. माहुलीला गेलात तर मात्र नदीच्या घाटावर क्षणभरही हात सोडू नका, पाण्याची त्याला फार ओढ आहे.

बूट पिशवीत वरच ठेवलेत. नाडी तो स्वतः बांधतो. पाच मिनिटं लागतात, बांधू द्या.

तुमची,
मनू