सूचना : अंबाझरीच्या बांधावर फिरताना

सर्व सभासदांना,

नागपूरच्या अंबाझरी तलावाचा बांध १८७० चा, मातीच्या भरावाचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटेच्या अतिवृष्टीत तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. म्हणून सकाळी फिरताना बांधाकडेही लक्ष ठेवा.

सर्वांत महत्त्वाची झिरप. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी पाझरणे मातीच्या धरणात नवे नाही. पण पाणी गढूळ झाले किंवा एकाएकी वाढले, तर भरावातली माती वाहून जात आहे आणि आत पोकळी वाढते आहे असे समजा. तिथे थांबू नका, उतार आणि पायथा सोडून बाजूच्या उंच जागी जा, ११२ ला कळवा. माती किंवा पोती टाकून ते तोंड बुजवू नका. पाणी दुसरीकडून फुटते.

माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग, खचलेला भाग, घुशींची बिळे, निखळलेले दगडी अस्तर दिसले, तर शेजारी पाण्याची बाटली ठेवून फोटो काढा, आकार कळतो. जागेची खूण लिहून गटात टाका, आम्ही तो महापालिकेकडे पाठवू.

बांधावर झाडे लावू नका, हेतू कितीही चांगला असो. झाड वाळले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. उतारावरून पायवाटा पाडू नका, पावसात तिथेच घळी पडतात.

सांडव्यात, म्हणजे तलावाचे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेत, निर्माल्य, प्लास्टिक टाकू नका. तो तुंबला की पाणी माथ्यावरून जाते, आणि मातीचा बांध ते फार वेळ सोसत नाही. जोरदार पावसात फिरणे बंद.