किहान्सीचा भेक

वरुड, आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

पोटात पिल्लं वाढवणारा बेडूक खरंच असतो का, असं तू विचारलंस. असतो, आणि त्याची गत मनाला फार लागते. टांझानियातल्या उडझुंग्वा डोंगरात किहान्सीची दरी आहे. तिथे हा किहान्सीचा भेक, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, १९९६ साली सापडला. रंग पिवळा, बाजूंना गडद पट्टे. मादी जेमतेम तीन सेंटिमीटर, नर त्याहून लहान.

आपला भेक पहिल्या पावसात डबक्यात अंड्यांच्या लांब माळा सोडतो. हा अंडी घालतच नाही. शेपटीची अवस्था मादीच्या पोटातच सरते आणि ५ मिलिमीटरची, चार पायांची तयार पिल्लं बाहेर पडतात, सहसा पाच ते डझनभर. पोटाची कातडी इतकी पातळ, की दिवस भरलेल्या मादीची पिल्लं बाहेरून दिसतात!

त्याची सगळी वस्ती धबधब्याच्या तुषारांवर. सगळं मिळून २ हेक्टर, म्हणजे आपले पाच एकर. वर धरण बांधून २००० च्या सुमारास जवळपास नव्वद टक्के पाणी विजेसाठी वळवलं आणि दरीतलं धुकंच आटलं. मग पाइप टाकून, उताराच्या दाबावर चालणारे स्प्रिंकलर बसवले. पण हरभऱ्याला माती भिजली की भागतं. इथे हवाच ओली हवी, तीही रात्रंदिवस. काही काळ जमलं. जून २००३ मध्ये भेक वीस हजारांवर होते, जानेवारी २००४ मध्ये तीन दिसले. त्याच सुमारास स्प्रिंकलर बंद पडले होते, धरणातून सोडलेल्या पाण्यात कीटकनाशकं आल्याचा संशय आहे, आणि कायट्रिड बुरशी तर होतीच. ही बुरशी कातडीत शिरते, अंगातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय थांबतं. २००९ मध्ये निसर्गातून तो नामशेष जाहीर झाला.

वाचला तो २००० सालीच अमेरिकेत नेलेल्या ४९९ भेकांमुळे. तेही सुरुवातीला मरत होते; अतिनील प्रकाशाचे दिवे आणि बारीक किड्यांचा पोषक खुराक मिळाल्यावर वाढले. २०१२ मध्ये काही परत दरीत सोडले, पण बुरशी तिथे अजून आहे.

ही बुरशी बुटांच्या चिखलातूनही पसरते, म्हणून तू चिखलदऱ्याला जाशील तेव्हा आधी बुटांचा चिखल धुऊन बूट कडक वाळव. बेडूक हातात घेऊ नकोस, फवारणी केलेल्या हाताने तर मुळीच नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर